इच्छापोर ते पणजी : इंटरनेटचे मोजमाप आणि मोजणाऱ्याची जागा

सुरत शहराच्या पश्चिमेस, हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत हिरे आणि दागिन्यांच्या व्यवसायासाठी स्वतंत्र पार्क उभारण्यात आला आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरत परिसरात पाडले जातात. आज मात्र हिऱ्याच्या आधी हिऱ्याची माहिती प्रवास करते. त्याचे छायाचित्र, मोजमापाचा तक्ता, प्रमाणपत्र आणि दागिन्याचे त्रिमितीय आरेखन हे सारे इंटरनेटवरून ग्राहकापर्यंत आधी पोहोचते आणि मग सौदा ठरतो.

समजा, इच्छापोरच्या एका कार्यालयातून अशी एखादी फाईल पणजीतील सराफाला पाठवली गेली. दोन्ही टोकांना 'शंभर मेगाबिट'ची जोडणी आहे. तरीही एका दिवशी फाईल क्षणार्धात पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी रेंगाळते. दोष कोणाचा? इच्छापोरच्या सेवाकंपनीचा, पणजीच्या सेवाकंपनीचा, मधल्या एखाद्या जाळ्याचा, की सराफाच्याच दुकानातील वाय-फायचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर देणे किती अवघड आहे, हे इंटरनेट मापनशास्त्र नावाची एक संशोधनशाखा गेली चार दशके दाखवून देत आहे. इंटरनेट कुणा एकाच्या मालकीचे नाही. त्यामुळे त्याचा संपूर्ण नकाशाही कुणा एकाच्या हाती नाही. जे दिसते ते मोजणारा जेथे उभा असतो तेथून दिसते. गोव्यासारख्या लहान राज्याच्या दृष्टीने हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

अंतराचा हिशेब

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर. सुरत ते मुंबई हे अंतर अंदाजे २७० किलोमीटर आणि मुंबई ते पणजी अंदाजे ६०० किलोमीटर धरले, तर एकूण अंतर ८७० किलोमीटर होते. जाऊन-येऊन १,७४० किलोमीटर. याचा अर्थ, माहितीचा लहानसा गठ्ठा, म्हणजे पॅकेट, इच्छापोरहून पणजीला जाऊन त्याची पोच परत येण्यास किमान ९ मिलिसेकंद लागतील. यापेक्षा कमी वेळ लागणे भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार शक्य नाही. जास्त वेळ लागणे मात्र सहज शक्य आहे आणि संशोधनाचा विषय तेथेच सुरू होतो.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांचा समूह. प्रत्येक जाळ्याचे मालक वेगळे, करार वेगळे. इच्छापोरची सेवाकंपनी आणि पणजीची सेवाकंपनी यांची जाळी मुंबईत एकमेकांना जोडलेली असतील, तर पॅकेट मुंबईतच एका जाळ्यातून दुसऱ्यात जाते. तशी जोडणी नसेल, किंवा असूनही व्यापारी कारणांसाठी वापरली जात नसेल, तर पॅकेट आधी परदेशातील एखाद्या मोठ्या जाळ्याकडे, उदाहरणार्थ सिंगापूरला, जाते आणि तेथून पुन्हा मुंबईला येते. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. एका दिशेने असा वळसा पडला तरी किमान ३९ मिलिसेकंद वाढतात, आणि जाताना व येताना दोन्ही वेळा पडला तर ७८. मूळचे ९ मिलिसेकंद मिळवले की आकडा ८७वर जातो. शेजारच्या घरी जाण्यासाठी परगावाहून फिरून यावे, तसा हा प्रकार.

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. आफ्रिकेतील इंटरनेट मार्गांविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरोघरी बसवलेल्या राउटरमधून मोजमापे घेण्यात आली. आफ्रिकेतच असलेल्या गूगलच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या, अभ्यासलेल्या मार्गांपैकी सुमारे दोन तृतीयांश मार्ग खंडाबाहेरून फिरून येत असल्याचे त्यातून आढळले. भारतात हाच प्रश्न ओळखून २००३ मध्ये 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया', म्हणजे निक्सी, ही ना-नफा संस्था स्थापन झाली. देशांतर्गत माहिती देशातच एका जाळ्याकडून दुसऱ्या जाळ्याकडे सोपवली जावी, हा तिचा मूळ उद्देश. तथापि देवघेवीचे केंद्र उपलब्ध असणे वेगळे आणि प्रत्येक कंपनीने आपली सारी रहदारी तेथे आणणे वेगळे. त्यामुळे मार्ग प्रत्यक्ष मोजल्यावाचून तो सरळ आहे की वळशाचा, हे सांगता येत नाही.

मार्ग कसा शोधला जातो

मार्ग मोजण्याची दोन साधने आजही सर्वाधिक वापरात आहेत आणि दोन्ही चाळीस वर्षांच्या आसपास जुनी आहेत. पहिले 'पिंग'. माइक म्यूस यांनी ते १९८३ मध्ये लिहिले. एक छोटे पॅकेट पाठवायचे आणि उत्तर किती वेळात येते ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. दुसरे 'ट्रेसरूट'. ते व्हॅन जेकबसन यांनी १९८७च्या सुमारास तयार केले.

ट्रेसरूटची युक्ती मोठी कल्पक आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. एकच पॅकेट अनंतकाळ फिरत राहू नये, म्हणून ही सोय केलेली असते. जेकबसन यांनी तिचा उपयोग वाट शोधण्यासाठी केला. आधी आकडा १ लिहून पॅकेट पाठवायचे, म्हणजे पहिला राउटर उत्तर देतो. मग २, म्हणजे दुसरा. अशा रीतीने पायरीपायरीने सारा मार्ग उलगडतो.

उलगडतो असे वाटते, हे म्हणणे अधिक अचूक ठरेल. कारण काही राउटर उत्तरच देत नाहीत. शिवाय हे साधन जाण्याचा मार्ग दाखवते, येण्याचा नाही. व्हर्न पॅक्सन यांनी १९९६ मध्ये ३७ ठिकाणांमधील सुमारे ४० हजार मोजमापांवर आधारित अभ्यास मांडला. जाण्याचा व येण्याचा मार्ग निदान एखाद्या शहराने वेगळा असण्याचे प्रमाण जवळपास निम्मे असल्याचे त्यात दिसून आले. पुढे २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी आणखी एक दोष दाखवला. मोठी जाळी एकाच ठिकाणी जाणारी रहदारी अनेक समांतर वाटांवर वाटून देतात. त्यामुळे ट्रेसरूटचे पहिले पॅकेट एका वाटेने आणि दुसरे दुसऱ्या वाटेने जाऊ शकते. मग नकाशावर अस्तित्वातच नसलेले दुवे उमटतात. यावर उपाय म्हणून तयार झालेले सुधारित साधन 'पॅरिस ट्रेसरूट' या नावाने ओळखले जाते.

याहून मूलभूत आक्षेप २००३ मध्ये पुढे आला. अनुकूल लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मोजक्याच ठिकाणांहून असंख्य मार्ग मोजून जो नकाशा तयार होतो, त्याचे रूप मूळ जाळ्यापेक्षा बरेच वेगळे असू शकते. निरीक्षकाच्या जवळचे दुवे पुन्हा पुन्हा नोंदले जातात आणि दूरचे आडवे दुवे दिसतच नाहीत. गावाच्या वेशीवर उभे राहून केवळ हमरस्ता न्याहाळणाऱ्याला गावातील गल्ल्या दिसू नयेत, तसे हे आहे. अमेरिका किंवा युरोपातील केंद्रांतून काढलेल्या नकाशात इच्छापोर आणि पणजी ही दोन्ही ठिकाणे दिसतील, परंतु त्या दोहोंना जोडणारी वाट दिसेलच असे नाही.

विलंब वाढला की वेग घटतो

काही मिलिसेकंदांच्या फरकाने काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इंटरनेटवरील गर्दी आवरण्याच्या अल्गोरिदममध्ये सापडते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. जोडणी तुटली नव्हती, गर्दी झाली होती. पॅकेट हरवले की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवी आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढे. या अनुभवातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजच्या इंटरनेटचा पाया ठरला. पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवावा आणि पॅकेट हरवल्याचे लक्षात येताच तो झपाट्याने कमी करावा, हे त्याचे सूत्र. कुणीही पोलीस नसलेल्या चौकात प्रत्येक चालकाने स्वतःच गती आवरावी, तसा हा संयम.

या पद्धतीत वेगाचे गणित काय राहते, हे जितेंद्र पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सूत्रबद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी मॅट मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचे अधिक सुटसुटीत सूत्र दिले होते. दोहोंचा गाभा एकच. मिळणारा वेग हा जाण्या-येण्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो. शिवाय, हरवणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण वाढले की तो त्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो.

वरील उदाहरणाला हे सूत्र लावून पाहता येते. दर दहा हजारांत एक पॅकेट हरवते असे धरू. जाण्या-येण्याचा वेळ ९ मिलिसेकंद असेल, तर एका जोडणीवर सेकंदाला सुमारे १५८ मेगाबिट वेग शक्य होतो. म्हणजे शंभर मेगाबिटची जोडणी पुरेपूर वापरता येते. तोच वेळ ८७ मिलिसेकंद झाला, तर वेग सुमारे १६ मेगाबिटांवर येतो. ग्राहकाने पैसे शंभर मेगाबिटचे भरले आहेत, सेवाकंपनीची तारही शंभर मेगाबिटची आहे, आणि फाईल मात्र सोळाच्या गतीने सरकते आहे. कुणीही खोटे बोललेले नाही. फरक मार्गाच्या वळशाचा आहे आणि तो देयकावर छापलेला नसतो.

अर्थात आजचे अल्गोरिदम या जुन्या सूत्राच्या पुढे गेले आहेत. गूगलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये 'बीबीआर' ही पद्धत जाहीर केली. तिच्या कर्त्यांमध्ये जेकबसनही होते. पॅकेट हरवण्याची वाट न पाहता मार्गातील सर्वांत अरुंद टप्प्याची क्षमता आणि कमीत कमी लागणारा वेळ हे दोन आकडे सतत मोजत राहायचे व त्यानुसार गती ठरवायची, असे तिचे तंत्र आहे. येथे मोजमाप हेच अल्गोरिदमचे इंधन बनले आहे. मात्र ही पद्धत जुन्या पद्धतीच्या शेजारी चालली, तर कोणाला किती वाटा मिळतो, यावर पुढील काळात बरेच संशोधन झाले. काही परिस्थितींत नवी पद्धत आपल्या न्याय्य वाट्यापेक्षा अधिक जागा व्यापते, असे त्यातून दिसून आले.

विलंबाचे आणखी एक उगमस्थान म्हणजे घरातील राउटर. स्मरणक्षमता स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी राउटरमध्ये प्रतीक्षेतील पॅकेटांसाठी भरपूर जागा ठेवली. परिणामी पॅकेट हरवत नाही, परंतु लांबलचक रांगेत ताटकळत राहते. घरात कुणी मोठी फाईल पाठवू लागले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो बहुधा यामुळे. जिम गेटिस यांनी २०१० नंतर या दोषाकडे लक्ष वेधले आणि 'बफरब्लोट' हे त्याचे नाव रूढ झाले. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर 'कोडेल' हा अल्गोरिदम सुचवला. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे तो पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एलफोरएस' या मानकाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर खूण करून पाठवणाऱ्याला गर्दीची पूर्वसूचना द्यायची, अशी त्याची रचना आहे.

राउटरच्या पोटातील मोजणी

बाहेरून मोजण्याच्या या पद्धतींबरोबरच जाळ्याच्या आत बसून मोजण्याचेही शास्त्र विकसित झाले. तेथील अडचण वेगळी आहे. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर सर्वांत लहान आकाराची पॅकेटे आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख होते. प्रत्येकासाठी जेमतेम ६७ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात प्रत्येक संवादाची स्वतंत्र नोंद ठेवणे जलद स्मृतीला परवडत नाही.

मुंबईच्या पवई येथील आयआयटीतून १९८१ मध्ये पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस यांनी या प्रश्नावर मूलभूत काम केले. क्रिस्तियान एस्तान यांच्यासह २००२ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी मांडले की, साऱ्याच संवादांची नोंद ठेवण्याची गरज नाही. रहदारीचा मोठा हिस्सा थोड्याशा 'हत्तीं'चा असतो आणि उरलेले असंख्य 'उंदीर' असतात. हत्ती अचूक मोजावेत, उंदरांचा अंदाज पुरे. वर्गीस यांचा 'नेटवर्क अल्गोरिदमिक्स' हा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही संज्ञाच एका विषयाचे नाव बनली.

याच काळात ग्रॅहॅम कॉर्मोड आणि एस. मुथुकृष्णन यांनी 'काउंट-मिन स्केच' ही पद्धत दिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणत्या विक्रेत्याच्या किती टोपल्या आल्या हे मोजायचे आहे, पण प्रत्येकाचे वेगळे पान ठेवण्याइतकी मोठी वही नाही, अशी कल्पना करावी. मोजणारा मग दोन ओळी आखतो. एका ओळीत नावाच्या आद्याक्षरानुसार खुणा करतो, दुसऱ्या ओळीत गावानुसार. एका विक्रेत्याचा आकडा हवा असेल, तर दोन्ही ओळींतील त्याच्या रकान्यांकडे पाहायचे आणि लहान आकडा घ्यायचा. त्यात इतरांच्या काही खुणा मिसळलेल्या असतील, म्हणून उत्तर किंचित जास्त येईल, परंतु खऱ्यापेक्षा कमी कधीच येणार नाही. ओळी वाढवल्या की मोठ्या चुकीची शक्यता घटते. अल्प स्मृतीत, हमीसह मर्यादित चूक, हे या पद्धतीचे सामर्थ्य. सेवेवर होणारे हल्ले ओळखण्यापासून ते रहदारीचा हिशेब ठेवण्यापर्यंत या कुळातील पद्धती उपयोगी पडतात.

समुद्राखालचा धागा

देशाबाहेर जाणारी बहुतांश माहिती उपग्रहावरून नव्हे, तर समुद्रतळावरील केबलमधून जाते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा केबलांचे मुख्य ठाणे मुंबई हे आहे. इच्छापोर काय आणि पणजी काय, दोघांचेही परदेशी दळणवळण मोठ्या प्रमाणात त्याच उंबरठ्यावरून होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट सेवेला जबर फटका बसला. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई' या केबल बाधित झाल्या. दोन्ही केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात. भारत आणि पाकिस्तानसह अनेक देशांत सेवा मंदावल्याचे मापन करणाऱ्या संस्थांनी त्याच दिवशी नोंदवले.

अशा वेळी मंदावलेली फाईल नेमक्या कोणत्या केबलवर अवलंबून होती, हे ओळखणे सोपे नाही. ट्रेसरूट राउटरचे पत्ते दाखवते, केबलचे नाव नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील अलगप्पन रामनाथन आणि संगीता अब्दु ज्योती यांनी 'नॉटिलस' या प्रकल्पात हाच दुवा जुळवण्याचा प्रयत्न केला. मार्गांची मोजमापे, पत्त्यांची भौगोलिक ठिकाणे आणि केबलांचे नकाशे एकत्र आणून कोणता दुवा कोणत्या केबलवरून जात असण्याची शक्यता किती, हे ही पद्धत सांगते. निश्चित उत्तर न देता शक्यता सांगणे, हा या शास्त्रातील प्रामाणिकपणाचाच भाग म्हणावा लागेल.

मौन मोजताना

इंटरनेट मंदावते तसे बंदही केले जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातमध्ये मोबाईल इंटरनेट काही दिवस बंद ठेवण्यात आले. त्या आदेशाविरुद्ध दाखल झालेली जनहित याचिका गुजरात उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०१५ रोजी फेटाळली. पुढे १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले.

अशी बंदी दुरून ओळखण्यासाठी 'आयोडा' ही यंत्रणा वापरली जाते. तिची सुरुवात सॅन दिएगो येथील 'कायडा' या संशोधन केंद्रात झाली आणि आता ती जॉर्जिया टेक या संस्थेत चालते. ती तीन खुणा एकत्र पाहते. जाळ्यांनी जाहीर केलेले मार्ग नाहीसे झाले का, पिंगला मिळणारी उत्तरे घटली का, आणि न वापरलेल्या पत्त्यांवर सतत येऊन आदळणारी निरर्थक रहदारी त्या प्रदेशाकडून थांबली का. संपूर्ण प्रदेश अंधारात गेला, तर तिन्ही खुणा बोलतात. मात्र केवळ मोबाईल इंटरनेट बंद झाले आणि तारेवरील ब्रॉडबँड चालू राहिले, तर चित्र धूसर होते. कारण मोबाईल कंपन्या हजारो फोनना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. बाहेरून पाठवलेले पिंग प्रत्यक्ष फोनपर्यंत पोहोचतच नाही. जे आधीही उत्तर देत नव्हते, ते आता गप्प झाले आहेत, हे बाहेरच्याला कळावे कसे? हातातला फोन हेच ज्यांचे एकमेव इंटरनेट आहे, अशा माणसांचे मौन मोजमापात सर्वांत कमी उमटते.

सरासरीत न मावणारी माणसे

हीच त्रुटी वेगचाचण्यांच्या आकडेवारीतही असते. मोबाईलवर बोट ठेवून घेतलेली वेगचाचणी ही सामान्य नागरिकाला सर्वाधिक परिचित अशी मापनपद्धती. कोट्यवधी चाचण्यांच्या सरासरीवरून देशांची आणि शहरांची क्रमवारी लावली जाते. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, ग्राहकाने कोणत्या वेगाची योजना घेतली आहे आणि चाचणी वाय-फायवर केली की तारेवर, हे ठाऊक नसेल तर अशा आकड्यांचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते. स्वस्त योजना घेणारा परिसर आणि निकृष्ट सेवा मिळणारा परिसर आकडेवारीत सारखाच दिसू शकतो.

गोव्यातील वाचकाला यापुढची त्रुटी सांगावी लागणार नाही. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा सत्तरी आणि सांगे भागांतील विद्यार्थी नेटवर्क मिळवण्यासाठी टेकड्या चढत असल्याची वृत्ते राज्यभर गाजली. त्या मुलांनी वेगचाचणी घेतली असती, तर ती टेकडीवरून घेतली असती. घरी नेटवर्कच नसल्याने घरातून चाचणी होणेच शक्य नव्हते. म्हणजे जेथे सेवा सर्वांत वाईट, तेथून एकही नोंद येत नाही आणि सरासरी आहे त्याहून उजळ दिसते. शून्याची नोंद होत नसेल, तर सरासरी ही केवळ भाग्यवंतांची सरासरी ठरते.

नियामक व्यवस्थेनेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अर्थात ट्रायने, २०१६ मध्ये 'मायस्पीड' हे वेगचाचणीचे ॲप आणले. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवादर्जाविषयक नियमांत विलंब व पॅकेट हरवण्याचे प्रमाण यांचा समावेश आहे. शिवाय कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, असेही त्यात म्हटले आहे. वेग हा एकच आकडा पुरेसा नाही, ही संशोधकांची जुनी तक्रार त्यामुळे नियमांत उतरली. परंतु नकाशावर रंगवलेला डोंगर आणि डोंगरापलीकडच्या घरात प्रत्यक्ष मिळणारी सेवा यांतील अंतर त्या घरातूनच मोजावे लागते.

त्यासाठी साधनांची वाण नाही. ॲमस्टरडॅम येथील 'राइप' या संस्थेने २०१० मध्ये 'ॲटलास' हा प्रकल्प सुरू केला. स्वयंसेवक आपल्या घरच्या राउटरला एक लहानसे उपकरण जोडतात आणि ते अहोरात्र मोजमापे घेत राहते. जगभरात अशी दहा हजारांहून अधिक उपकरणे कार्यरत असली, तरी त्यांची दाटी युरोपात आहे. गोव्यात फर्मागुढीला आयआयटी आहे, झुआरीनगरला बिट्सचा परिसर आहे, एनआयटी आहे, आणि तंत्रनिकेतने तर अनेक तालुक्यांत आहेत. प्रत्येक तालुक्यातील काही घरे, शाळा आणि ग्रंथालये यांतून वर्षभर मोजमापे घेणे हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही झेपणारे काम आहे. केबल तुटली, रस्त्याच्या खोदकामात तंतू कापला गेला किंवा पावसाळ्यात वीज गेली, की कोणता भाग किती वेळ आणि किती प्रमाणात बाधित झाला, याची नोंद अशाने राज्याकडे स्वतःची राहील.

व्यक्तिगत पातळीवरही काही पथ्ये उपयोगी पडतात. एकच चाचणी घेऊन निष्कर्ष काढू नये. सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास, वाय-फायवर आणि शक्य असल्यास तारेवर, अशा वेगवेगळ्या चाचण्या घ्याव्यात. तारेवर वेग नीट येत असेल, तर दोष घरातील वाय-फायचा आहे. केवळ रात्री घटत असेल, तर गर्दीचा आहे. वेगाबरोबर विलंबाचा आकडाही टिपावा आणि घरात मोठी फाईल पाठवली जात असताना तो किती वाढतो हे पाहावे. खूपच वाढत असेल, तर राउटरमधील रांग हे कारण असू शकते. आणि एखादे विशिष्ट ठिकाणच संथ वाटत असेल, तर ट्रेसरूट चालवून वाटेत विलंबाचा आकडा कोठे एकदम उडी घेतो आणि ती उडी पुढील टप्प्यांवरही कायम राहते का, हे तपासावे. तारीख-वेळेसह ठेवलेली अशी नोंद सेवाकंपनीकडे केलेल्या तक्रारीला वजन देते.

इच्छापोरहून निघालेली फाईल पणजीला उशिरा का पोहोचली, या प्रश्नाला अशा रीतीने अनेक संभाव्य उत्तरे आहेत. ती सिंगापूरचा वळसा असू शकते, तांबड्या समुद्रातील तुटलेली केबल असू शकते, अल्गोरिदमचा अतिसावधपणा असू शकतो, किंवा दुकानाच्या कोपऱ्यातील जुना राउटरही असू शकतो. त्यांतील खरे उत्तर कोणते, हे सॅन दिएगो किंवा ॲमस्टरडॅमहून पूर्णपणे दिसत नाही. ते एका टोकाला इच्छापोरमधून आणि दुसऱ्या टोकाला पणजीतून मोजावे लागते.